तंबोरा कोणाच्या हाती

ब्राह्मणपारा, रायपूर
१ डिसेंबर २०२४

ती. शांताताईस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून इथला पोस्टमन माझ्यावर खूश आहे. हाताने लिहिलेली पाकिटं या गल्लीत फक्त माझ्याकडे येतात म्हणे. ते नवीन मशीन कानात घालत जा, ताई. डबीत ठेवून ते ऐकत नसतं.

क्लास जोरात आहे. कॉलेजची अकरा पोरं आहेत. शनिवारी मंचावर बसायचा सराव असतो. एकाने तखतावर बसून पंधरा मिनिटं गायचं, बाकीच्यांनी श्रोते व्हायचं, मुद्दाम खोकायचं, मध्येच उठून जायचं. स्वानंद इतक्या खऱ्या जांभया देतो की गाणाऱ्याची तान अर्ध्यावर राहते.

विद्यापीठाच्या युवा महोत्सवात या वेळी साक्षीला उतरवलं होतं. ती भनपुरीहून बसने येते. वडील धर्मपालजी तिथल्या एका कारखान्यात फिटर आहेत. तीन वर्षांत पोरीचा एक खाडा नाही. तिची तोडी ऐकली की मला आपले अण्णा आठवतात, यापरते काय सांगू? पण ऐन वेळी घात झाला. मोबाइलवरचा तंबोरा चालणार नाही, मंचावर ठेवलेला तंबोरा स्पर्धकानेच लावायचा, असा नवा नियम त्या सकाळी कळला. साक्षीने खुंटी पिळली आणि तारच तुटली. लोक हसले. सहा मिनिटं त्यातच गेली. मग ती नुसत्या पेटीवर गायली आणि सूर सरकला. परीक्षकांनी माइकवरूनच विचारलं की गुरूंनी तंबोरा लावायला शिकवलं नाही का. तर ती म्हणाली की शिकवलं होतं, माझ्याच ध्यानात राहिलं नाही.

मी तिसऱ्या रांगेत होते. काही बोलले नाही. भर सभेत काय बोलणार?

तीन आठवडे झाले, ती क्लासला आलेली नाही. फोनही उचलत नाही. एवढा गळा असलेली पोर गाणं सोडून देईल, या धास्तीने माझा घास उतरत नाही. तिला मी मोबाइलवरच रियाज करायला सांगत असे, हे खरं. बसला उशीर व्हायचा, त्यात तंबोरा लावण्यात वीस मिनिटं कशाला घालवायची? शिवाय तंबोरा कोणाच्याही हाती द्यायचा नाही, हे अण्णांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. माझं काही चुकलं का? नाही चुकलं असं तू लिहिलंस तर बरं वाटेल.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
क्षमा

---

नागपूर
९ डिसेंबर २०२४

चि. क्षमा हिस अनेक आशीर्वाद.

मशीन कानात घातलं आहे. शेजारणीच्या कुकरच्या सात शिट्ट्या ऐकल्या. एवढी डाळ शिजवून ती काय करते, देव जाणे.

तू म्हणतेस, चुकलं नाही असं लिही. नाही लिहिणार.

तुझं गेल्या वर्षीच्या दिवाळीचं पत्र माझ्यासमोर आहे. स्वानंदने समोशाच्या तेलकट हातांनी अण्णांचा तंबोरा लावला आणि तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास, असं हसत हसत लिहिलं आहेस. तुझा तो दुसरा शिष्य निरंजन तर रोजच लावतो. मग कोणाच्याही हाती म्हणजे नेमकं कोणाच्या, क्षमा? अकरा जणांत मोबाइलवर गाणारी एकच निघते, ती बौद्धांची पोर निघते आणि कारण काय, तर बसला उशीर होतो! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अण्णांचं ते वाक्यही पूर्ण ऐकून ठेव. बिलासपूरहून बदली झाली तेव्हा स्टेशनावर ते हमालाच्या हाती तंबोरा देईनात, भोपळा फुटेल म्हणून. तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस. पुढे त्या वाक्याचा कुळाचार मी केला. तुला तो शिकवताना कोणाला दूर ठेवायचं आहे, ते मला कळत होतं. आपल्या घरात तसं कोणी तोंडाने बोलत नसे, म्हणून आपण स्वतःला फार भले समजत आलो. तेव्हा यातलं अर्धं पाप माझं आहे, आणि या वयात ते फेडायला मला साक्षीसारखी पोरही सापडायची नाही.

माफी मात्र तुलाच मागावी लागेल. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज मधाळ होतो आणि समोरचा माणूस नाही नाही दीदी म्हणून मोकळा होतो. पत्र लिही आणि त्यात बस आणू नकोस.

रागावले असले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.

शांताताई

---

ब्राह्मणपारा, रायपूर
१५ डिसेंबर २०२४

चि. साक्षी हिस अ. आ.

तू उत्तर हिंदीत दिलंस तरी चालेल, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तंबोरा लावायला मी तुला शिकवलं नाही. विसरले नव्हते. वेळ नव्हता असंही नाही. तू बौद्धांची, म्हणून माझा हात मागे आला. तसं मी कधी तोंडाने म्हटलं नाही, मनातही तो शब्द येऊ दिला नाही, पण तीन वर्षं रोज तेच करत राहिले. त्या दिवशी तू माझी लाज राखायला खोटं बोललीस आणि मी तिसऱ्या रांगेत बसून ते खपवून घेतलं. मला माझीच किळस येते. सकाळी रियाजाला बसते आणि तुझं ते वाक्य कानात येतं, की उठून जाते.

गाणं सोडू नकोस, बाळा. माझ्यामुळे तर मुळीच सोडू नकोस. अण्णांचा तंबोरा आता तुझा. येत्या रविवारी तो घेऊन मी भनपुरीला येते आणि तुझ्या आईबाबांसमोर सगळं सांगून माफी मागते.

मागायचा हक्क उरलेला नाही, तरी थोडा जिव्हाळा शिल्लक असेल तर असू दे.

क्षमादीदी

---

भनपुरी, रायपूर
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय क्षमादीदी,
जय भीम.

मराठीतच लिहून राहिली. शाळेत मराठी नव्हती, घरी बोलतो तसंच लिहिते. चुका समजून घ्या.

गाणं मी सोडलं नाही. कॉलेजातल्या राकेश सरांपाशी तंबोरा लावायचं शिकली. चार दिवसांत आलं, दीदी. मले वाटे, काहीतरी लय मोठी विद्या असन, म्हणून तुम्ही राखून ठेवली. चार दिवसांची गोष्ट होती.

तुम्ही लिहिलं, मनात शब्दही येऊ दिला नाही. मले तं पहिल्या महिन्यातच माहीत झालं होतं. तंबोरा भिंतीवरून घसरून राहिला होता, मी धावून धरला. तुम्ही शाबास म्हणाल्या. मग मी निघाली, छत्री राहिली म्हणून परत आली, तं तुम्ही ओल्या फडक्यानं तंबोरा पुसून राहिल्या होत्या. मी जिथं धरला होता, तिथंच. मी छत्री न घेताच घरी गेली. घरी सांगितलं, बसमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी तरी आली. काहून की तुमच्यासारखी तोडी इथं कोणाले येत नाही, अन् मले ती पाहिजे होती.

स्टेजवर मी तुमच्यासाठी खोटं नाही बोलली. बाबा मागं बसले होते, सुट्टी टाकून, कारखान्यातल्या दोघांले सोबत घेऊन. मी खरं सांगितलं असतं, तं परीक्षकांनी विचारलं असतं, काहून नाही शिकवलं. मग बाबाले तिथंच समजलं असतं, सगळ्यांसमोर. तीन वर्षांपासून ते आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात घरोघरी सांगून राहिले का आता पहिल्यासारखं राहिलं नाही, माह्या पोरीची मॅडम पाहा. त्यांचं ते बोलणं मले मोडायचं नव्हतं.

क्लासले मी आता येणार नाही. जे शिकली, ते तुमच्याच पासून शिकली, हे कोणीही विचारलं तं सांगीन. तुमचा तंबोरा नको. कॉलेजात एक आहे, त्याची तार मीच बदलली.

अन् रविवारी येऊ नका, दीदी. बाबा कोणाच्या पाया पडत नाहीत, कारखान्याच्या मालकाच्याही नाही. पण तुम्ही दारात आल्या, तं माही गुरू म्हणून तुमच्या पडतील. तुमचं सांगणं सुरू व्हायच्या पहिलेच पडतील. मले ते पाहवणार नाही.

लोभ मी ठेवला होता, तुमच्याकडून असावा असं आता लिहीत नाही.

साक्षी