पातं थांबलं नाही

१९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. वहिनी बरी असेल. आईचा खोकला उतरलाय. वरच्या मजल्यावरचे अजून खुर्च्या फरफटवतात. झालं खुशालीचं.

कागद कापायच्या मशीनवरच्या अपघाताचा तुझा अहवाल वाचला. 'ऑपरेटरने वेळेत हात काढला नाही.' व्वा. चार हात लांब राहून लिहिलंस.

त्या मशीनला प्रोसेसर एकच आणि कामं ढीगभर: पडद्यावर चित्र काढणं, नोंदी ठेवणं, पात्याखाली हात दिसला की पातं थांबवणं. एका वेळी एकच काम चालणार, पाळी कुणाची ते कर्नल, म्हणजे मशीनच्या सॉफ्टवेअरचा गाभा, ठरवणार. तातडीचं काम आलं की चालू काम मध्येच थांबवून त्याच्याकडून प्रोसेसर काढून घ्यायचा, हे प्रीएम्प्शन. जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून तूच शिकवलं होतंस मला. म्हणून तर जास्त संताप येतो.

मशीनचं प्रदर्शन तोंडावर आलं, पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं, आपल्या साहेबांनी नाक मुरडलं. तू कर्नलच्या आतलं प्रीएम्प्शनच बंद करून टाकलंस. म्हणजे कर्नल चित्र रंगवायला बसला की ते संपेपर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही, मग हात येवो नाहीतर मुंडकं. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "अगं, डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच उशीर. प्रदर्शन होऊ दे, मग बघू." नंतर परत विचारलं, चालू केलंस का? हो म्हणालास. धादांत खोटं. मशीन तसंच छापखान्यात गेलं.

काल चौकशीच्या बाईंसमोर मी ते चालवलं. पडदा स्थिर असताना पात्याखाली लाकडाची फळी सरकवली, पातं थांबलं. चित्र बदलत असताना सरकवली, तर दोन तुकडे. मग प्रीएम्प्शन चालू केलं. चित्र अडखळलं, पातं मात्र वरच्या वर थांबलं. बाईंनी विचारलं, हे बंद कुणी केलं होतं? मी तुझं नाव सांगितलं. सख्ख्या भावाचं. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचंच घरी आल्यावर नवल वाटलं.

त्याच्याबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाही मी. लिहायला गेले की पेन अडतं. उजव्या हाताची चार बोटं गेली, दादा. शेजारी जेवायला बसला की तू त्याला जावईबापू म्हणायचास. अहवालात ऑपरेटर झाला.

तो अहवाल कुणीतरी त्याला वाचून दाखवला. संध्याकाळी छताकडे बघत म्हणाला, "मीच धांदरट. दादा उगाच कशाला लिहील?"

मी सगळं समजावलं. फळीचंही सांगितलं. त्याला वाटतं, बायको आहे, बाजू घेणारच. माझ्यापेक्षा तुझ्या शब्दावर त्याचा विश्वास जास्त.

तेव्हा दवाखान्यात ये. फळं आणू नकोस, वहिनीला पुढे करू नकोस. त्याच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, पातं का थांबलं नाही ते. चौकशीत तुझं जे व्हायचं ते होवो, मला त्याचं काही नाही. पण माझ्या नवऱ्याने जन्मभर स्वतःला दोष देत जगावं, हे मी चालू देणार नाही. तोवर फोन करू नकोस. आईला मध्ये घालू नकोस. तिला सगळं ठाऊक आहे.

तुझीच (हा शब्द खोडला होता, पुन्हा लिहिलाय),
धाकटी