आजारपणाचे तास

आगाशी,
९ ऑक्टोबर २००१

प्रिय बेसिल,

तू आणि इझाबेल हैदराबादला रुळलात हे तुझ्या आईकडून, थेरेसामावशींकडून, कळत असतं, म्हणून खुशाली विचारण्याचा उपचार करत नाही. इकडची सांगतो. सुनंदाची शाळेतली नोकरी नेहमीसारखी चालू आहे. आमची अनुष्का बारावीला आहे आणि माझ्याशी फक्त वाद घालण्यापुरती बोलते. वाडीत केळी यंदा बऱ्या आहेत, पानवेलीला मात्र कीड लागली.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर नंदाखालला थेरेसामावशींना गाठलं आणि तुझा पत्ता मागितला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "देते. पण थोडक्यात लिही. तुझं थोडक्यात म्हणजे चार पानं होतात, हे मला ठाऊक आहे." तेव्हा प्रयत्न करतो. पाच वर्षांत हे माझं तुला पहिलंच पत्र.

कंपनीबरोबरचा आपल्या पायलट संघटनेचा करार डिसेंबरात संपतोय. सप्टेंबरात अमेरिकेत जे झालं त्यानंतर जगभर विमानं रिकामी उडू लागली, आणि कंपनीनं दहा फेऱ्या एका आठवड्यात बंद केल्या. ज्यांचे महिन्याला उड्डाणाचे ऐंशी तास होत, त्यांचे आता पन्नासही होत नाहीत. शहाण्णव साली आपण जो करार केला त्याचा अर्थ पोरांना आत्ता कळतोय. आपण म्हणजे मी. तू विरोधात होतास.

मी तेव्हा खोटं बोलत नव्हतो, बेसिल. माझा बाप जन्मभर वाडीत राबला, त्याला बसून कुणी काही दिलं नाही. जितकं काम तितका मोबदला, यात मला न्याय दिसत होता. साहेबांच्या मर्जीतले चार कमांडर ऑफिसात बसून पूर्ण पगार घेत होते, आणि तरुण पोरं पहाटे तीनला उठून दिवसात चार चार फेऱ्या मारून तेवढाच घेत होती. मला ते सहन होत नव्हतं. विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतचं प्रत्येक मिनिट मोजा आणि त्याचे पैसे द्या, मूळ पगार नावापुरता असला तरी चालेल, अशी माझी मागणी होती. आजही त्या चार कमांडरांची आठवण झाली की माझं डोकं तापतं.

मग शहाण्णवच्या त्या सभेत तू उभा राहिलास. तुला सभेत बोलता येत नाही. कागदाकडे बघत तू म्हणालास, "पगार म्हणजे नाही म्हणायची मोकळीक. मी आज उडायच्या स्थितीत नाही, हे सांगताना पायलटला घराचा हप्ता आठवता कामा नये." आणि हॉलमध्ये शांतता पसरली. ती शांतता मी ओळखतो. सभा हातातून निसटायला लागते तेव्हा ती तशीच असते. म्हणून मी तुझं बोलणं संपायच्या आत माइक घेतला.

पुढचं तुला पाठ असेल. मलाही आहे. "आमच्या बेसिलचा कान महिन्यातून दोनदा दुखतो, त्याला पगारच परवडणार." सव्वाशे पायलट हसले आणि मी जिंकलो. त्यानंतर तू कानाच्या तपासणीला गेलास, परवाना थांबला, आणि शेवटी तू नोकरी सोडलीस. तो विनोद मी करायला नको होता. मला त्याचं वाईट वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

बावीस सप्टेंबरला मी कोचीनहून मुंबईला येत होतो. चार दिवस सर्दी होती, डोकं गच्च भरलेलं. सुनंदा म्हणाली होती, आज जाऊ नका. पण महिन्याचे तास भरत नव्हते आणि ही एकच लांब फेरी वाट्याला आली होती. नाकात औषधाचे थेंब टाकले आणि गेलो. खाली उतरायला लागलो तसा डावा कान दुखू लागला. तुला ते दुखणं माहीत आहे, वर्णन करत नाही. तीन हजार फुटांवर आत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि सगळं गरगरलं. पुढचं विमान अजून धावपट्टीवर होतं. टॉवरनं आम्हाला उतरणं रद्द करून वर जायला सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. शेजारी ऋतिका बसली होती, सव्वीस वर्षांची को-पायलट. तिनं मला दोनदा सांगितलं. मी तिच्याकडे पाहत राहिलो म्हणे. मग ती म्हणाली, "कंट्रोल माझ्याकडे," आणि विमान वर नेलं. पुन्हा फिरून तिनंच ते उतरवलं, इतकं हलकं की मागे कुणी टाळ्याही वाजवल्या असतील. नोंदीत लिहिलं की धावपट्टी मोकळी नव्हती. ते खरंच होतं. बाकीचं कुणी लिहिलं नाही.

क्रूच्या बसमध्ये मी तिला विचारलं, "तू रिपोर्ट देणार का?" ती म्हणाली, "सर, मी कुठल्या तोंडानं देऊ? मागच्या आठवड्यात मी स्वतः ताप असताना उडले. माझेही तास भरत नाहीत."

बेसिल, त्या वाक्यानं माझी झोप गेली. पाच वर्षांपूर्वी तू जे कागदावर लिहून आणलं होतंस ते एका पोरीनं मला बसमध्ये ऐकवलं.

अठ्ठावीस तारखेला सर्वसाधारण सभा आहे. तरुणांना अजूनही तासच हवेत. सुमेध म्हणून त्यांचा एक पुढारी आहे, हुशार आहे, माझीच शहाण्णवची वाक्यं मलाच ऐकवतो. त्यांना आकडे दाखवून उपयोग नाही. मी ठरवलंय, उभं राहायचं आणि सगळं सांगून टाकायचं. माझा कान, ऋतिकाचा ताप, बसमधलं तिचं बोलणं, काहीही हातचं न राखता. असा पुरावा असताना ती सभा हरणं शक्य नाही. आणि तू यावंस अशी इच्छा आहे. पहिल्या रांगेत बस. सगळ्यांसमोर मी तुझी माफी मागेन आणि निश्चित पगाराचा ठराव तुझ्या नावानं मांडेन.

विमानाच्या तिकिटाची व्यवस्था मी करतो. इझाबेलला नमस्कार.

तुझा,
सदानंद राऊत
सरचिटणीस


आगाशी,
२९ ऑक्टोबर २००१

प्रिय बेसिल,

सभा काल झाली. तुला फोन करता आला असता, पण फोनवर मी पुन्हा भाषण केलं असतं, म्हणून लिहितो. घरी सगळे ठीक आहेत. दसऱ्याला झेंडू चांगल्या भावानं गेला.

आधी त्या गुरुवारच्या तुझ्या फोनबद्दल. पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, आता आपण दोघं थोडे गहिवरणार. तू म्हणालास, "सद्या, पत्र वाचलं. इझाबेलनंही वाचलं. ती म्हणते, झकास आहे, टाळ्या पडतील."

मी विचारलं, "मग येतोस ना?"

"नाही. तू त्या मुलीला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

"तिचा ताप सभेत सांगू का, हे."

मी म्हटलं, अरे, तिच्यासारख्यांच्या भल्यासाठीच तर चाललंय हे सगळं. तू म्हणालास, "माझंही तू भलंच करत होतास. शहाण्णवला सभेत माझा कान काढलास, आता तिचा ताप काढ."

आणि लगेच विचारलंस, "स्वतःच्या कानाचा रिपोर्ट दिलास?" मी म्हटलं, सभेनंतर देणार आहे. तू म्हणालास, "आधी दे. नंतर दिलास तर तोही भाषणाचाच भाग होईल." आणि फोन ठेवलास.

मला राग आला, हे कबूल करतो. वाडीत गेलो, पानवेलीत तासभर फिरलो, मनात तुझ्याशी भांडलो. मग ठरवलं, आधी तिला विचारायचं.

शनिवारी बोळिंजला गेलो. ऋतिका तिथे नव्या वसाहतीत आईवडिलांकडे राहते. तिच्या आईनं पोहे केले, वडिलांनी विमानांविषयी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि मुलीला एकटीला गाठायला मला पाऊण तास लागला. गॅलरीत उभं राहून मी तिला माझा बेत सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सर, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. सभेला नाही."

मी म्हटलं, "त्यानं करार बदलेल, ऋतिका."

"करार बदलेल आणि माझी चौकशी होईल. अजून कमांडर व्हायला मला दोन वर्षं आहेत. तापात उडाली म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, मुलींना हे झेपत नाही. तुमच्याबद्दल कुणी असं म्हणणार आहे का?"

कुणी म्हणणार नव्हतं. मी म्हटलं, तापाचं माझ्या तोंडून निघणार नाही. पण बावीस तारखेचा रिपोर्ट मी देणार, आणि त्यात कंट्रोल तू घेतलास हे यावंच लागेल. तू नोंद का केली नाहीस, असंही तुला विचारतील. ती म्हणाली, "ते येऊ दे. ते झालंच आहे. मीही माझा रिपोर्ट देते. पण सर, माझी स्तुती करू नका त्यात. जसं झालं तसं लिहा."

बेसिल, मी आयुष्यात हजारो पानं वाचली, शेकडो सभा गाजवल्या. जसं झालं तसं लिहायला मला दोन दिवस लागले. चार वेळा फाडलं. प्रत्येक वेळी कुठेतरी एखादं वाक्य उभं राहून बोलायला लागायचं. शेवटी अकरा ओळी राहिल्या. बावीस तारखेला, घटनेला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, तो रिपोर्ट दिला. दुपारी परवाना थांबवल्याचं पत्र हातात पडलं. कानाच्या पडद्याला भोक आहे, भरेल की नाही हे डॉक्टर दीड महिन्यानं सांगतील. चौकशीही होईल. ऋतिकाला एक लेखी समज मिळाली आणि ती चार दिवसांत पुन्हा उडायला लागली.

आता सभा. सुमेध सुरेख बोलला. "घाम गाळणाऱ्यानं घामाचे पैसे घ्यावेत," असं म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला, कारण ते माझंच होतं. नंतर माझं नाव पुकारलं. मी कागद काढून वाचायला सुरुवात केली, तसा मागून कुणीतरी ओरडलं, "कॅप्टन, आज घसा बसलाय का?" मी म्हटलं, "घसा ठीक आहे. कान गेलाय. मी सर्दीत उडालो, कारण तास भरत नव्हते. रिपोर्ट दिलाय, ज्याला हवा त्यानं वाचावा." एवढंच. हॉल गप्प झाला आणि मला, सवयीनं, त्या शांततेत उडी मारावीशी वाटली. ऋतिका चौथ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग तुझं कलम वाचलं. शहाण्णवच्या मसुद्यातलं, सातव्या पानावरचं, जे मी लाल पेन्सिलीनं खोडलं होतं: पायलटनं स्वतः होऊन तब्येत बरी नसल्याचं कळवलं, तर त्या दिवशी नेमून दिलेले तास उडाल्याप्रमाणे धरावेत. कुणाचं आहे हे सांगितलं, कारण कुणीतरी विचारलं. तुझ्याबद्दल आणखी काही सांगितलं नाही. माफीही तिथे मागितली नाही.

निश्चित पगाराचा ठराव हरला. चांगला हरला, शहाऐंशी विरुद्ध बेचाळीस. पोरांना तासच हवेत, आणि त्यांची बाजू मला समजते. ती मीच त्यांना शिकवली. पण तुझं कलम मागणीपत्रात गेलं. एकाहत्तर हात वर झाले. सुमेधचाही होता. बाहेर चहा घेताना तो म्हणाला, "राऊतसर, एवढं आधी का नाही घातलं?" मी म्हटलं, घातलेलं होतं, मी काढलं. त्यानं कप खाली ठेवला. कंपनी ते मान्य करील की नाही, माहीत नाही. परवापासून बोलणी आहेत. टेबलाशी सुमेध बसेल. मी सरचिटणीसपद सोडलं.

एक गोष्ट राहिली आहे. तीच मी मागच्या पत्रात चुकवली होती.

मी लिहिलं की त्या सभेनंतर तू तपासणीला गेलास. तू गेला नाहीस. तुला बोलावण्यात आलं. सभा शुक्रवारी झाली आणि सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांचं पत्र तुझ्या हातात पडलं. माझा विनोद दोन दिवसांत वरपर्यंत पोचला होता, हे मला त्याच आठवड्यात कळलं. सभेच्या आधी, कोळिकोडच्या हॉटेलात, कान दुखतो हे तू फक्त मला सांगितलं होतंस; म्हणाला होतास, नवा करार झाला की तीन महिन्यांची रजा घेतो, इलाज करून घेतो, इझाबेललाही अजून बोललेलो नाही. करार पगाराचा झाला असता तर तू स्वतः सांगून थांबला असतास आणि बरा होऊन परत आला असतास. मी कराराचा रस्ता बंद केला आणि त्याच वाक्यात कंपनीला तुझं नाव कळवलं. पाच वर्षं मी लोकांना सांगत आलो की बेसिलचा कानच खराब होता, आज ना उद्या हे होणारच होतं. सुनंदाला सांगितलं. थेरेसामावशींनाही एकदा सांगितलं, त्यांच्या घरात, त्यांच्या हातचा चहा पीत. त्या उठून आत गेल्या होत्या.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तो एका हशासाठी खर्च केला. माझी चूक झाली. मला माफ कर, असं लिहितो. ते तू करावंस यासाठी माझ्याजवळ कुठलाही मुद्दा नाही.

नाताळला तू नंदाखालला येणार आहेस असं ऐकलं. मी घरीच असेन, आता रोजच घरी असतो. आलास तर मला बोलायला लावू नकोस. तुझं काय काय झालं या पाच वर्षांत, ते मला ऐकायचं आहे. उजव्या बाजूला बस, त्या कानानं नीट ऐकू येतं.

तुझा,
सदानंद