रोज कोरा होणारा लॅपटॉप

विंझर

प्रिय शुभा,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हणजे मी आणि मांजर. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू माझा आवाज लगेच ओळखतेस आणि मग मीच तुझी समजूत घालत बसते. आज मला ते जमणार नाही. शेवटपर्यंत वाच, मधेच फोन लावू नकोस.

तुझा पेनड्राईव्ह पोचला. जुना लॅपटॉप टाकून देऊ नकोस, त्यात विंडोजच्या जागी पेनड्राईव्हवरची ही लिनक्स टाक, पळायला लागेल, असं तू म्हणालीस आणि मलाही हौस. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून म्हणतेय, वेल्ह्याच्या खोऱ्यात जी बाळंतपणं केली ती एकदा लिहून काढावीत. तर पेनड्राईव्ह खोचून लॅपटॉप चालू केला, आणि तो आपला जुनंच थोबाड दाखवतोय. मोबाईलवर शोधलं, तर म्हणे चालू करताना एक बटण दाबत राहायचं. कोणतं, ते प्रत्येक कंपनीचं निराळं. वरच्या ओळीतली एकेक करून सगळी दाबली तेव्हा कुठे एकाला दया आली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावायला लागली. मग दोन पर्याय आले, नुसतं वापरून बघा किंवा इन्स्टॉल करा. इन्स्टॉल केलं तर लॅपटॉपमधलं सगळं पुसलं जाईल, असं मी आधीच वाचलं होतं. तिकडे बोट न्यायची माझी छाती झाली नाही. मी 'वापरून बघा' दाबलं.

थोड्या वेळात छान रंगीत पडदा आला. वायफायचा पासवर्ड घातला, मराठी अक्षरं सुरू केली, म्हटलं झालं काम. शेजारच्या मंगलला जाऊन सांगूनही आले. मग पहिलं बाळंतपण लिहिलं, फाईल सेव्ह केली आणि लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी तेच बटण, तोच 'वापरून बघा' दाबून उघडला तर लिहिलेलं काहीच नाही. मराठी नाही. वायफाय पुन्हा पासवर्ड मागतंय, जशी मी त्याला कधी भेटलेच नव्हते. म्हटलं, सेव्ह करायला विसरले असेन. पुन्हा सगळं लिहिलं, सेव्ह झाल्याची खात्री करून घेतली. सकाळी पुन्हा कोरं. शुभा, मला लॅपटॉपची शंका आली नाही. मला माझीच आली. आंबवड्याची आक्कामावशी आठवते ना तुला? तिचं असंच सुरू झालं होतं. जेवून, ताट घासून पालथं घालायची आणि मला वाढा म्हणायची. शेवटी पोटच्या पोराला "या पाव्हणं, बसा" म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठली. तेव्हा सगळ्यांना धीर देत मीच फिरत होते. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाची झालेय.

मी लिहिलंच नव्हतं की काय? लिहायचं नुसतं मनात आलं आणि लिहिलं असं वाटलं? त्या दिवशी गॅस बंद केला का ते बघायला मी सारखी उठत होते. अंघोळ झाली की नाही हे कळावं म्हणून टॉवेल ओला आहे का ते चाचपून पाहिलं. हसू नकोस.

शेवटी मंगलला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की काल मी पडवीत काय करत होते गं. "तुमी लई वेळ टकटक करीत व्हता की सिस्टर, म्या हाक मारली तरी तुमचं ध्यान न्हाई," ती म्हणाली. तरी माझं समाधान होईना. मग तिलाच लॅपटॉपपुढे बसवलं आणि तिचं नाव तिच्या बोटांनी टाइप करायला लावलं. सेव्ह केलं, बंद केलं, चालू केलं. मंगलचं नावही गेलं. "आता माझंबी डोकं गेलं का काय," म्हणून ती हसत सुटली आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. बिचारीला काही कळेना.

मग शोधून शोधून वाचलं. 'वापरून बघा' म्हटलं की सगळं पेनड्राईव्हवरूनच चालतं, लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो. बंद केलं की सगळं गेलं. इन्स्टॉल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जुने फोटो तू दिवाळीत काढून नेले होतेस, म्हणून धीर करून बटण दाबलं. शेवटी पेनड्राईव्ह काढा म्हणाला, काढला. पुन्हा मंगलचं नाव लिहिलं, बंद करून चालू केलं. नाव जागच्या जागी होतं.

इथवर वाचून तू फोन उचलला असशील, आई कसली घाबरट आहेस म्हणायला. खाली ठेव.

त्याच खुशीत मी लिहायला बसले. मंगल शेजारी शेंगा फोडत होती. मला ते टेम्पोतलं बाळंतपण आठवलं. पहिलटकरीण पोरगी, माहेरी पालीला आलेली. वेल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच मोकळी झाली. बाळ रडेना, मी पाठ चोळत राहिले. टेम्पोत कांद्याच्या गोण्या होत्या, हेसुद्धा मला आठवत होतं. फक्त त्या पोरीचं नाव आठवेना, चेहरा आठवेना. म्हणून मी लिहिलं, ती कोण होती, पुढे तिचं काय झालं, कोण जाणे. मंगल डोकावून वाचत होती. तिचे हात थांबले. "सिस्टर," ती हळूच म्हणाली, "ती म्याच की. आन् त्ये बाळ म्हंजी आपली वैष्णवी न्हाई का." वैष्णवी म्हणजे मंगलची लेक. रोज मला दूध आणून देते, आजी म्हणते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मंगल मला पहिला पेढा भरवते आणि टेम्पोची गोष्ट सगळ्यांना सांगते. हे मला माहीत होतं, शुभा. इतकी वर्षं माहीत होतं.

मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पान जसंच्या तसं होतं. लॅपटॉप आता काही विसरत नाही. मंगल कुणाला सांगायची नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी सावकाश आणि जरा मोठ्यानं बोलते. मला फार भीती वाटतेय. पुण्याला डॉक्टरांकडे जायला हवं हे मला कळतं. तिथे आजची तारीख विचारतात, कागदावर घड्याळ काढायला लावतात. आक्काला मीच घेऊन गेले होते. हातात पेन्सिल धरून ती कागदाकडे बघतच नव्हती, सारखी माझ्याकडे बघत होती. मी एकटी गेले तर कुणाकडे बघू? रजा मिळो न मिळो, तू ये.

तुझीच,
आई