भाऊसाहेबांच्या अंगावर एकही पिसू नाही

२ मार्च

नव्या देशात येऊन तीन आठवडे झाले. आज भाऊसाहेबांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. भाऊसाहेब म्हणजे आमचा कुत्रा. वय सात, रंग चहाचा, स्वभाव निवृत्त हेडमास्तरांचा. नाव बायकोने ठेवलं, आणि त्यांना एकेरीत हाक मारायची नाही हा नियमही तिचाच. मला मात्र चिडली की एकेरीत बोलते.

डॉक्टरीणबाई फार गोड बोलतात. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. गोड बोलणाऱ्या माणसाची फाइल मी नेहमी दोनदा वाचतो. त्या म्हणाल्या, इथले डास चावले की कुत्र्याच्या रक्तात बारीक जंत शिरतात, पुढे हृदयात जाऊन वाढतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय गवतात गोचिड्या आणि कार्पेटमध्ये पिसवा आहेतच. सगळ्यांवर मिळून एकच गोळी, दर महिन्याला, बारा महिने. भिंतीवर चित्र होतं. कापलेलं हृदय, आत दोऱ्यासारखा गुंता. भाऊसाहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायको बघतच राहिली.

जंत दिसत नाही, रोग दिसत नाही. दिसतं ते फक्त बिल. मी म्हटलं, विचार करून कळवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ठराव: भाऊसाहेबांच्या संरक्षणाचं खातं आजपासून माझ्याकडे. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, रोज सकाळी फवारणी. त्यानंतर बारीक दातांची फणी. एवढ्यावर भागतं. तिकडे सात वर्षांत आपण कुठे काय दिलं होतं? बायको म्हणाली, तिकडेही औषध होतं, दर महिन्याला मीच मानेवर घालत होते. मला आठवत नाही. म्हणजे नसणार.

माझा ठराव मी तिला सांगितला. ती म्हणाली, बरं.

एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्या फटक्यात बरं? पाणी कुठेतरी मुरतंय.

१० मार्च

फवारणी नियमित. भाऊसाहेब शिंकले. म्हणजे लागू पडतंय. फणीत केस खूप, पिसू शून्य.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं की डब्यातलं लोणचं बॅगेत सांडलंय का. दुर्लक्ष केलं.

३ एप्रिल

पिसू शून्य, गोचीड शून्य. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एक विचित्र गोष्ट. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पहिल्या तारखेला लाल बदामाचं छोटं स्टिकर चिकटवलेलं आहे. पत्त्यांतला असतो तसा बदाम. मागचं पान उलटून पाहिलं, तर मार्चमध्येही एक, चार तारखेला. घरात लहान मूल नाही. आमच्या लग्नाचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. बायकोला विचारलं नाही. आरोपीला आधीच सावध करायचं नसतं.

२ मे

कालच्या तारखेवर पुन्हा बदाम.

या गावात आपल्याला ओळखतं कोण? वरच्या मजल्यावरचा सायकलवाला आहे, तो जिन्यात बायकोला जरा जास्तच हसून वाट देतो. मलाही देतो, पण हसत नाही. नोंद घेतली.

११ मे

शेजारच्या टेबलावरचा त्याच्या मांजरीला दर महिन्याला मानेवर औषध घालतो असं कळलं. बिचारा! त्याला तासभर बसवून समजावलं. माझा अनुभव सांगितला, फणीचं महत्त्व सांगितलं, प्रमाण लिहून दिलं. तो म्हणाला, तुमच्या कुत्र्याला खरंच काही झालं नाही? मी म्हटलं, घरी येऊन बघा, भाऊसाहेबांच्या अंगावर एकही पिसू नाही. पटलं त्याला. औषध बंद करणार म्हणाला. परक्या देशात आपल्या हातून कुणाचं तरी भलं होतंय याचं समाधान वाटलं.

१ जून

दबा धरून बसायचं ठरवलं होतं. ऐनवेळी ऑफिसात साहेबांनी मीटिंग लावली. संध्याकाळी येऊन पाहतो तर बदाम चिकटलेला! बायको गुणगुणत होती. भाऊसाहेब मिशा चाटत होते. त्यांनाही फितवलेलं दिसतंय.

१ जुलै

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आवाज न करता दार उघडलं. जे पाहिलं आणि ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो.

बायको आतल्या खोलीत फोनवर. ती म्हणत होती, हो, पहिली तारीख आहे, मी कशी विसरेन, सगळं तयार ठेवलंय. मग हसली. स्वयंपाकघरात ओट्यावर छोटी बशी. बशीत चीजचा एकच गोळा, हाताने वळलेला, सुबक. एकच! मला गेल्या कित्येक वर्षांत या घरात कुणी काही वळून दिलेलं नाही. पोळीला गुंडाळी हवी तर आपली आपण करायची.

मी तो गोळा खाल्ला.

रागात खाल्ला, त्यामुळे चवीकडे लक्ष नव्हतं. आत काहीतरी कडक लागलं, थोडं कडूही. परदेशी चीज असंच असतं. मग आल्या पावली बाहेर पडलो आणि नेहमीच्या वेळेला परत आलो. बायकोच्या चेहऱ्यावर काही नाही. उलट भाऊसाहेबांना कुरवाळून म्हणत होती, किती शहाणे हो तुम्ही, आपलं आपण घेतलंत. आणि कॅलेंडरवर बदाम!

म्हणजे येणारा आला नाही, तरी बदाम. प्रकरण मी समजतो त्याहून खोल आहे.

७ जुलै

शेजारच्या टेबलावरच्याने जेवायला बोलावलं होतं. त्याच्या सोफ्यावर बसलो, मांजर मांडीवर. मांजर सारखी अंग खाजवत होती. मी म्हटलं, व्हिनेगर वाढवा. त्याची बायको माझ्याकडे बघून काही बोलली नाही. या देशात बायका बोलत नाहीत तेव्हा जास्त काळजी वाटते.

१५ जुलै

घोट्याभोवती लाल पुरळ. रांगेत. भाऊसाहेबही मागच्या पायाने कान खाजवतात. फणीत आज दोन काळे ठिपके. उडाले.

संशयित: आधीचा भाडेकरू. कार्पेट. टपालवाला, ज्याचे मोजे मला पहिल्या दिवसापासून खटकतात. आणि डॉक्टरीणबाई. गिऱ्हाईक येत नाही म्हटल्यावर माणूस कुठल्या थराला जाईल सांगता येत नाही. घरमालकाला फोन करून कार्पेटबद्दल जाब विचारला. तो म्हणाला, तुम्ही यायच्या आधी कार्पेट नवीन घातलंय. हे त्याने जरा पटकनच सांगितलं.

फवारणी दिवसातून तीनदा.

२४ जुलै

भाऊसाहेब खोकले. सकाळी एकदा, दुपारी चारदा. खोकताना मान लांब करतात आणि नंतर आपल्याकडे असे बघतात, जणू त्यांनीच काहीतरी चूक केली.

बायको पांढरीफटक पडली. म्हणाली, हृदयातले जंत वाढले की असाच खोकला येतो, त्या चित्राखाली लिहिलं होतं. मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

मला भीती वाटली. विमानतळावर त्यांना पिंजऱ्यात घालताना वाटली होती तशी. हे वाक्य नंतर खोडायचं आहे.

२५ जुलै

दवाखाना. काय झालं ते नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एखादी गोळी चुकली का? मी सांगणारच होतो की आमच्या घरी गोळीचा प्रश्नच नाही. तेवढ्यात बायको म्हणाली, एकही नाही. मार्चमध्ये सुरू केली, मग दर पहिल्या तारखेला, चीजमध्ये घालून. दिली की लगेच कॅलेंडरवर बदाम लावते, खोक्यातच मिळतात ते. तुमच्याकडून आठवणीचा फोनही येतो ना.

मी खुर्चीत बसलो. खुर्ची मांजरांच्या वजनकाट्याला लागून होती, तो हलला.

म्हणजे सायकलवाला निर्दोष.

बाई म्हणाल्या, मग अंगावर पिसवा कशा? जुलैची गोळी पोटात गेलेली दिसत नाही. बायको म्हणाली, बशी पुसल्यासारखी स्वच्छ होती, यांनीच खाल्ली. यांनी म्हणजे भाऊसाहेबांनी. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चित्राकडे पाहिलं.

मग बाईंनी भाऊसाहेबांच्या मानेशी नाक नेलं आणि विचारलं, घरात काय फवारता? खोकला हृदयाचा नाही म्हणाल्या. रोज तीन वेळा नाकातोंडात आंबट वाफ गेली तर कुणीही खोकेल. रक्ताची तपासणीही ठीक आली. चुकलेली गोळी लगेच दिली. पण मधल्या दिवसांत डासाने काही सोडलं असेल तर ते आत्ताच्या तपासणीत कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं. तोवर वाट बघण्याखेरीज इलाज नाही.

घरी येताना बायको रडली. म्हणाली, माझंच चुकलं, समोर बसून भरवायला हवी होती, मला कशाची एवढी घाई झाली होती? मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, यांना काही झालं तर मी कुणाकडे बघू इथे? तू दिवसभर ऑफिसात.

मी सांगणार होतो. पण ती रडत असताना सांगणं बरं दिसलं नसतं.

२६ जुलै

सकाळी बाल्कनीतून दवाखान्यात फोन केला. आवाज बदलून विचारलं की माझ्या एका परिचिताने, साधारण पन्नाशीचा गृहस्थ, चुकून कुत्र्याची गोळी खाल्ली तर? काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कधी खाल्ली? पहिल्या तारखेला. मग म्हणाली, इतक्या दिवसांत काही झालं नसेल तर घाबरायचं कारण दिसत नाही, तरी त्यांना माणसांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. आणि भाऊसाहेबांचा खोकला कसा आहे?

नंबर त्यांच्या स्क्रीनवर दिसतो. हे आधी सांगायला हवं होतं त्यांनी.

दुपारी दवाखान्यातून बायकोला फोन. विचारपूस म्हणे. परिचितांची तब्येत कशी आहे?

बायकोने फोन ठेवला. मग विचारलं, का खाल्लीस? मी बदामाचं, सायकलवाल्याचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल. ती म्हणाली, काल मी रडत होते तेव्हा तू बघत होतास. एवढंच. मग गरम पाण्यात चादरी भिजवायला गेली.

१२ ऑगस्ट

घरभर व्हॅक्युम, रोज. बायको आता बोलते, पण कामापुरतं. भाऊसाहेब स्वच्छ. पिसवा उरल्यासुरल्या फक्त मला चावतात. डॉक्टरीणबाईंना कारण विचारलं, तर म्हणाल्या, गोळी न घेतलेल्या तुम्हा दोघांत त्यांना तुमचं रक्त जास्त आवडलेलं दिसतंय. जुलैतल्या माझ्या गोळीचा काहीच उपयोग झाला नाही का, हे विचारायचं होतं. बायको शेजारी होती.

पायाला मलम लावताना बायको म्हणाली, खाई त्याला खवखवे. त्या दिवसानंतरची पहिली थट्टा. मी खाज मनमुराद खाजवली.

२० ऑगस्ट

शेजारच्या टेबलावरच्याने टेबल बदलून घेतलं. त्याच्या घरी म्हणे औषधफवारणीवाले दोनदा येऊन गेले. मी त्याला समजावलं की औषध मध्येच बंद करायचं नसतं, मी पहिल्यापासून गोळीच्या बाजूचा आहे. त्याने प्रमाण लिहून दिलेला माझा कागद परत केला.

९ नोव्हेंबर

संध्याकाळी भाऊसाहेबांच्या छातीला कान लावून बसतो. ठोके व्यवस्थित वाटतात. कधी एखादा ठोका उशिरा आल्यासारखा वाटला की माझाच चुकतो. बायकोने दारातून पाहिलं. चहा करू का, विचारलं. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस होता हे मला चहा संपल्यावर आठवलं.

३१ जानेवारी

रिपोर्ट आला. जंत नाहीत. हृदय निर्मळ.

मी कागद दोनदा वाचला. डॉक्टरीणबाई गोड बोलत होत्या, तरीही विश्वास ठेवला. बायकोने दवाखान्यातच भाऊसाहेबांच्या मानेत तोंड खुपसलं. मग माझ्या हाताला धरून बाहेर आली आणि घरापर्यंत सोडला नाही.

१ फेब्रुवारी

ठराव: यापुढे संशय घेणे बंद.

सकाळी ओट्यावर दोन बश्या. एकीत भाऊसाहेबांचा गोळा. दुसरीकडे बोट करून बायको म्हणाली, हा तुझा. आत काही नाही. चीजच आहे, वळून दिलंय.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भाऊसाहेबांनी त्यांचा गोळा न हुंगता, न चावता गिळला. बायकोने बदाम लावला. मी माझा गोळा हातात घेतला, बोटाने जरा दाबून पाहिला. पोकळ वाटेना, कडकही लागेना. तरी खात्री केलेली बरी, म्हणून बशी खाली स्टुलावर ठेवून चष्मा आणायला गेलो.

परत आलो तेव्हा बशी पुसल्यासारखी स्वच्छ. भाऊसाहेब कॅलेंडरकडे बघत बसलेले. बायको पाठमोरी भांडी घासत होती, खांदे हलत होते.

दावा दाखल करणार नाही. पुरावा पोटात गेला आहे, आणि या घरात ते पूर्वीही एकदा झालेलं आहे.