तिऱ्हाईताचं नुकसान

४ मार्च, मंगळवार
गाडी ठरली. पांढरी. शोरूममध्ये उभी आहे. विमा झाला की चावी हातात. शोरूमवाल्याने विम्याचा कागद तयारच ठेवला होता. काका, फक्त सही करा, म्हणाला. मी नुसता हसलो. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला. न वाचता सही करणाऱ्यांतला मी नव्हे.
इकडे हिने अक्काला फोनही करून टाकला. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. रविवारी आपल्या गाडीने भेटायला येतो, असं हिने सांगितलं. 'आपल्या'वर जोर जरा जास्तच होता.
संकल्प: रविवारच्या आत विमा. स्वतःच्या अकलेने.

६ मार्च, गुरुवार
दोनशे पानी वही आणली. तुलनेसाठी अकरा रकाने आखले. ही म्हणाली, लग्नाआधी मला चार प्रश्नसुद्धा विचारले नव्हतेत. म्हटलं, तेव्हा अनुभव नव्हता.
दुपारचा चहा उशिरा मिळाला.

९ मार्च, रविवार
पॉलिसी डिक्शनरी घेऊन वाचतोय. पान तिसरं. शब्द कळतात, वाक्य निसटतं. अक्काकडे जाणं पुढच्या रविवारवर ढकललं. ही काही बोलली नाही. भांडी मात्र बोलली.
शोरूमवाल्याचा फोन: काका, गाडीवर धूळ बसतेय. म्हटलं, पुसा.

११ मार्च, मंगळवार
जावयाचा फोन. बाबा, नवी गाडी आहे, फुल विमा घ्या आणि निवांत झोपा, म्हणाला. जावई भला माणूस. पण शिकलेला. शिकलेल्या माणसांना आपण फसलोय हेही कळत नाही.

१२ मार्च, बुधवार, दु. ४.१०
सापडलं!
प्रकार दोनच. एक 'फुल' आणि एक नुसता 'थर्ड पार्टी'. थर्ड पार्टीला आपला अस्सल शब्द आहे: तिऱ्हाईत. अख्ख्या कलमाचं सार काढून लाल शाईने वहीत उतरवलं: 'तिऱ्हाईताच्या नुकसानीची भरपाई कंपनी देईल.' म्हणजे कुणी तिऱ्हाईताने येऊन आपली गाडी ठोकली, तर पैसे कंपनी देणार. मग फुल कशाला? नुकसान करणार तो तिऱ्हाईतच! मी थोडाच स्वतःची गाडी ठोकणार? चाळीस वर्षं स्कूटर चालवली. पडलो एकदाच, तेही ती स्टँडवर असताना.
हिला समजावून सांगितलं. म्हणाली, तुम्ही म्हणताय तर असेल. यालाच विश्वास म्हणतात.

१३ मार्च, गुरुवार
सही केली. शोरूमवाल्याने तीनदा विचारलं, काका, नक्की ना? नव्या गाडीला एवढाच विमा कुणी घेत नाही. म्हटलं, कारण कुणी वाचत नाही. जाता जाता त्याच्या फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या. काउंटरवरच्या बाई थँक्यू म्हणाल्या. आदराने, बहुतेक.

१५ मार्च, शनिवार
गाडी घरी आली. शोरूमच्या ड्रायव्हरने अंगणात आणून लावली, तोंड भिंतीकडे. उद्या सातला निघायचं. आधी रिव्हर्स. रिव्हर्स म्हणजे पुढे जाण्यासारखंच, फक्त मान उलटी.
हिने अक्कासाठी पांढरी फुलं आणून ठेवलीत. गाडीला मॅचिंग.

१६ मार्च, रविवार, स. ७.२०
फाटक.

स. ९.००
सविस्तर लिहिण्याचा धीर आत्ता आला. काच बंद होती. ही फाटक उघडता उघडता हात हलवत होती. मी ते 'या, या' असं वाचलं. 'थांबा' होतं. ही वेळेवर बाजूला झाली, देवाची कृपा. फाटक झालं नाही. डिकी आत, मागचा दिवा बाहेर.
शोरूमवाल्याला फोन केला, कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, काका, तिऱ्हाईताचं नुकसान म्हणजे तुम्ही त्याचं केलेलं! मग फाटकाचं तरी द्या, म्हटलं. फाटक कुणाचं? आमचंच. मग नाही, म्हणाला. शेजाऱ्यांचं मोडलं असतंत तर पैसे मिळाले असते. थोडक्यात, तुम्ही स्वतःला सोडून अख्ख्या गावाचा विमा उतरवलाय.
वही काढली. 'तिऱ्हाईताच्या नुकसानीची.' षष्ठी विभक्ती! त्याने केलेलं, की त्याचं झालेलं? दुसऱ्याच्या प्रुफात ही गफलत मी झोपेतही पकडली असती. हिला म्हटलं, चूक व्याकरणाची आहे. ही म्हणाली, मग फाटक षष्ठीने मोडलं का?

सायं. ७.३०
अक्काकडे बसने जाऊन आलो. फुलं मांडीवर. अक्का काळा चष्मा लावून दारातच उभी होती. म्हणाली, गाडी कुठाय? मी घसा खाकरला. तेवढ्यात ही म्हणाली, अक्का, तुझे डोळे अजून नाजूक आहेत गं. नवी गाडी फार चमकते. महिन्याभराने दाखवू.
परतताना खिडकीची जागा हिने मला दिली. एवढी भरपाई कुठल्याच कलमात नव्हती.
फाटक आता लागत नाही, वाऱ्याने उघडतं. खाली दोनशे पानी वही सरकवली. नेमकी बसली.