कॉम्प्युटरला झेपत नाही

१७ मार्च, सोमवार

परत अडकला! आईने गायला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. आवाज त्याआधीच तुटला होता. मी माउस आपटला. मग उचलून पुसला, कारण दुसरा नाही.

आठ वर्षांपूर्वी जोडून घेतलेला हा डबा. प्री-वेडिंगच्या शूटिंगमध्ये, रिसॉर्टवर कपडे बदलून बदलून पळणारी नवरा-नवरी बरोबर चालवतो. आईलाच अडखळतो.

१८ मार्च, मंगळवार

सगळं एकदा कागदावर उतरवते, म्हणजे डोकं थंड होईल.

आई धवलारीण. कळंबपासून चौकपर्यंत आमच्यातलं लग्न असलं की घाणा भरताना, हळद लावताना, मांडवात गाणारी तीच. चाळीस वर्षं. सगळं तोंडपाठ, लिहिलेलं काही नाही, कारण लिहिता येत नाही. सहा फेब्रुवारीला झटका आला. पाय सावरला, उजवा हात थोडा. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं सांगता येत नाही.

काल चौकच्या ललिताचा फोन. ती आईच्या मागे बसून झील धरायची—ओळीचं शेपूट तेवढं उचलायची. आख्खं गाणं तिला येत नाही. कुणालाच येत नाही. दहा मेला तिच्या रुचिताची हळद आहे. म्हणाली, "वनिताताई, तुज्याकडं एवढ्या लग्नांचं शूटिंग हाय. मावशीचा आवाज काढून दे मला. मी बसून पाठ करीन. नायतर पोरीच्या हळदीला नुसता डीजे वाजंल."

देते म्हटलं. एकदम ठामपणे म्हटलं. माझा नवरा मनोज शूटिंग करतो, मी घरात बसून एडिटिंग करते, अकरा वर्षं झाली. बोर्डावर नाव त्याचं, पण डिस्क माझ्या कपाटात आहेत. आईची निदान साठ लग्नं असतील त्यात.

२० मार्च, गुरुवार

साफसफाई. कॉम्प्युटर चालू होताना चौदा प्रोग्रॅम आपोआप उठतात. त्यातले नऊ मनोजचे. एक तर रोजचं राशिभविष्य सांगतो! काढले सगळे. अँटिव्हायरसला सांगितलं, शूटिंगच्या फोल्डरला हात लावू नकोस. डबा उघडून ब्लोअर मारला, पंख्यातून गादीभर कापूस निघाला.

फरक: पंधरा सेकंद अडकायचा, आता दहा.

मनोज जेवताना म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी वाढायची थांबले. त्याने स्वतः भात घेतला.

२५ मार्च, मंगळवार

आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. रोज दुपारी लाइट जाते. आज तर आमच्या आख्ख्या भिसेगावात नव्हती. कॉपी अर्धी झाली होती, गेली.

जुन्या क्लिपा जुन्या डिस्कवर, डिस्क वायरीने जोडलेली, वायर ढिली. चित्र चालवायला जेवढा वेग लागतो तेवढा डिस्क देतच नाही. नाक्यावरच्या दुकानात विचारलं. म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर बदला, बोर्ड बदला." मग राहिलं काय, पत्रा? याला मी काय करते तेही विचारावंसं वाटलं नाही. मॅडम दिसली की बोर्ड बदला.

२७ मार्च, गुरुवार

गजाला, माझ्या भावाला, फोन. आई त्याच्याकडे, कळंबला.

"आई बोलली काय?"

"नाय गं."

"काहीच नाही?"

"नाय. सुनिता करते तिचं सगळं. तू कवा येतेस?"

काम आहे म्हटलं. काम आहेच. आणि हे काम तिचंच तर आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

गेले होते कळंबला. पाऊण तास बसले. आईने माझ्या हाताला धरून बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून "ब, ब" एवढंच. मग स्वतःच चिडली आणि भिंतीकडे बघत राहिली. मला रडू फुटलं. चाळीस वर्षं जिच्या आवाजावर मांडव उभे राहिले तिची ही दशा! मला बघवत नाही. शेवटच्या टेंपोच्या आधीच निघाले.

गजाची सुनिता म्हणाली, "ऱ्हावा की वन्सं आजच्या दिवस." तिला काय जातंय म्हणायला. घरी सीझनच्या तीन ऑर्डरी तुंबल्यात.

४ एप्रिल, शुक्रवार

रॅम आठची सोळा केली. नवी वेगवान डिस्क बसवली—स्वतः. व्हिडिओ बघून, स्क्रू तोंडात धरून. विंडोज नव्या डिस्कवर, चालू काम तिच्यावर, जुनी डिस्क नुसती कोठार. मनोज दारात उभा राहून बघत होता. "जळंल काहीतरी," म्हणाला. जळलं नाही. त्याचीच जळाली असेल.

९ एप्रिल, बुधवार

आता शेवटचं. मोठ्या क्लिपांच्या हलक्या कॉपी करायच्या आणि त्यांच्यावर काम करायचं. कळशीभर पाण्यातून तांब्याभर काढून घ्यावं तसं. ज्या लग्नांत आई होती ती सगळी याला लावली. सकाळी नऊला सुरू केलं, दिवसभर पंखा घुरघुरतोय. मी त्याच्या शेजारी बसून मटार सोलले. घरात कुणी विचारलं नाही एवढा वेळ कशाला घालवतेस. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? आईचा आवाज वाचवतेय म्हणून सांगितलं असतं. मोठ्या तोऱ्यात.

१५ एप्रिल, मंगळवार

चालला! लोण्यासारखा. पुढे ओढा, मागे ओढा, कुठेच अडकत नाही. आवाज आणि ओठ एकत्र. आईच्या कपाळावरचा घाम दिसतो, नाकातली चमकी दिसते. ललिताला फोन केला, आठवड्यात देते म्हणून. ती रडली फोनवर. मीही.

उद्यापासून एकेक लग्न काढते.

२१ एप्रिल, सोमवार

सहा दिवसांत चव्वेचाळीस लग्नं. एकही गाणं नाही.

आहे ते असं: आई बसते, पदर सारखा करते, खाकरते, तोंड उघडते—संपलं. क्लिप संपली. पुढच्या क्लिपमध्ये हळद लागून झालेली. म्हणजे इतके दिवस जे मला अडकणं वाटत होतं त्यातलं अर्धं अडकणं नव्हतंच. क्लिपच तेवढी होती.

मनोजवर धावून गेले. एवढी वर्षं आई समोर गात होती आणि तू कॅमेरा बंद करत होतास? तो शांतपणे म्हणाला, "तूच सांगितलंवतंस."

मी कधी सांगितलं? काहीही बोलतो. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची सवयच आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

सापडलं.

दहा वर्षांपूर्वीचं लग्न, भिवपुरीकडचं. क्लिपचं शेपूट. ही शेपटं मी कधी ऐकलीच नाहीत. एडिटिंगला बसलं की पहिल्यांदा आवाज बंद करायचा, दोन्हीकडून कापायचं, वर गाणं टाकायचं. तशीच सवय. आज हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं.

मनोजचा आवाज, कॅमेऱ्यामागून: "मामी, थांबा जरा. बंद करतो, मग म्हना. वनिता बोलली तुमचं नको घेऊ. अर्ध्या-अर्ध्या तासाचं असतं, कॉम्प्युटरला झेपत नाय."

आणि आई: "बंद कर बाबा. पोरीला तरास नको."

त्यानंतरच्या लग्नांत मनोजला सांगावंही लागलेलं नाही. आई गाण्याआधी कॅमेऱ्याकडे बघते आणि डावा हात हलवते. बंद कर. प्रत्येक लग्नात. मी मोजले नाहीत, मोजवले नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार

कॉम्प्युटरला झेपत नाही, हे खरं होतं. तेव्हाच्या जुन्या डब्यात चार जीबी रॅम होती, अर्ध्या तासाची क्लिप टाकली की बंद पडायचा.

पण इथे तरी खोटं लिहू नये. ते निमित्त होतं. पहिल्या वर्षी एका नवरदेवाने पेनड्राइव्ह परत आणला होता. "ही म्हातारी कोण केकाटतेय, ही कापा," म्हणाला. मी हसले. माझी आई आहे असं म्हटलं नाही. कापून दिलं. त्या वर्षीचं मूळ शूटिंगही जागा हवी म्हणून केव्हाच पुसलं. मग वाटलं, कापत बसण्यापेक्षा घेऊच नये. चोर सोडून संन्याशाला फाशी—सव्वा महिना कॉम्प्युटरला शिव्या घालतेय, मनोजला घालतेय. माझीच लाज वाटते मला.

मनोजला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "चा टाक."

२६ एप्रिल, शनिवार

ललिताला सांगितलं. सगळं नाही. "सापडलं नाही" एवढंच. ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे ताई. मला येतंय तेवढं म्हनीन. पुढचं डीजेला सांगते."

एवढं चांगलं बोलायला नको होतं तिने. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२ मे, शुक्रवार

पाचशे क्लिपांचे तुकडे जोडून बघितले. एका लग्नात पाच सेकंद, एकात आठ. एकही ओळ पुरी होत नाही. कॉम्प्युटर मात्र काय सुंदर चालतो! मनोजचा मित्र बघायला आला होता. "वैनी, माझा पण असा करून द्या."

नाही म्हटलं. तोंडावर.

५ मे, सोमवार

आज काही नाही. दोन ऑर्डरी पुऱ्या केल्या. कळंबला जावंसं वाटतं पण कुठल्या तोंडाने जाऊ? आईपुढे बसायचं आणि तिने काही विचारायचं नाही. विचारता येतच नाही तिला.

११ मे, रविवार

काल चौकला हळद. गजा आईला गाडीतून घेऊन आला, कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं. ललिताने सुरू केलं. तिसऱ्या ओळीला अडली. परत पहिल्यापासून, परत तिथेच. डीजेवाला वायर जोडायला उठला.

तेवढ्यात आई गायला लागली. खुर्चीतून. स्पष्ट. एकेक शब्द. तिसरी ओळ, चौथी, पुढचं सगळं, पाऊण तास. ललिता रडत रडत झील धरत होती. गाणं संपल्यावर आईला पाणी हवं होतं. ते काही तिला सांगता येईना. "ब, ब" करत तांब्याकडे हात दाखवला.

मी सुनिताला बाजूला घेतलं. हे काय, हे कधीपासून?

ती म्हणाली, "पयल्यापासून. बोलता येत नाय त्यास्नी, पण गानं येतं. रोज पहाटं चुलीपाशी म्हनतात की. वन्सं, तुमी एक रात तरी ऱ्हायलात काय आमच्याकडं?"