पट्टा कोणाच्या हातात?

३ मार्च

चि. धडपड्यास अनेक उ. आ., वि. वि.

फोनवर तुला काही विचारायची सोय नाही. तिकडे वॉर्डातले शेजारी कान टवकारून पडलेले, इकडे आमचे हे दाराआड उगाच चपला शोधत उभे. म्हणून पत्र.

प्लास्टरमध्ये खाज सुटली तर सळई घालू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कड्यावरून पडताना माणूस जीव वाचवतो, तू म्हणे कॅमेरा वाचवत होतास. कॅमेरा गेला नदीत आणि तू अडकलास कपारीवर. म्हणजे तेही धड जमलं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघं मेहुणे इतकी वर्षं एक स्टुडिओ चालवता. पक्ष्यांचे फोटो काढायला कड्याशी गेलात की तुझ्या कमरेला पट्टा आणि त्याचं दुसरं टोक ह्यांच्या मुठीला दोन वेढे देऊन. ‘आधी पट्टा, मग डोळा’ हे तू येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतोस. हे सांगतात, हाताला घाम आला नि पट्टा निसटला. मग तळहातावर ओरखडा कसा नाही? परवा कपडे वाळत घालताना मी दोन्ही हात नीट पाहून घेतले. लोण्यासारखे मऊ! तुझ्या वजनाचा गडी हातातून सुटला तर कातडं सोलून निघायला हवं. शिवाय परत आल्यापासून रोज भाजी निवडून देतात. हा माणूस सुखासुखी भाजी निवडत नाही.

खरं काय ते लिही. नवऱ्याची बाजू मी घेईनच, पण डोळे मिटून नाही.

काळजीत आणि संशयात, दोन्हींत समान,
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस (साष्टांग सध्या जमत नाही, म्हणून नुसताच) न. वि. वि.

तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस. चोरांनी आपणहून गाव सोडलं असतं.

भाऊजींवर संशय घेऊ नकोस. खडक ओला होता. ससाणी शिकार घेऊन खालून वर आली, मी डोळा कॅमेऱ्याला लावून आणखी थोडा पुढे झुकलो, खेळ खलास. आमच्या धंद्यात हे चालायचंच. माझ्या शेजारच्या खाटेवर सामन्यांचे फोटो काढणारा एक जण आहे. चेंडू नाकावर येईपर्यंत त्याने डोळा हलवला नाही. फोटो अप्रतिम आलाय म्हणतो. नाक मात्र पूर्वीचं राहिलं नाही.

पण तुझं पत्र आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पडायच्या आधी मागे ‘खटक्’ असा आवाज आला होता. माझा कॅमेरा मुका होता, पक्षी बिचकू नये म्हणून. कुलूप लावल्यासारखा वाजतो तो फक्त भाऊजींचा जुना कॅमेरा. आणि तो धरायला दोन्ही हात लागतात.

काटकी मोडली असेल. पत्र वाचून फाडून टाक. कारण ती काटकी नसेल, तर मी त्यांच्याबरोबर कड्यावरच काय, स्टुडिओतही पाऊल ठेवणार नाही. आणि मग तू कोणाच्या बाजूला उभी राहशील, हे मला विचारवत नाही.

तुझा, एका पायावरचा,
धडपड्या

१५ मार्च

चि. धडपड्यास अ. उ. आ., वि. वि.

पत्र फाडलं नाही. ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर ठाण मांडून बसले.

हे बराच वेळ घेवड्याच्या शिरा काढत राहिले. मग उठले, कपाटातून कॅमेरा आणून माझ्या मांडीवर ठेवला. त्यातला फोटो सोबत पाठवतेय. पंख पसरलेली ससाणी, पंजात पारवा, आणि खालच्या कोपऱ्यात पुढे कललेला तुझा खांदा.

ह्यांचं म्हणणं असं, की इतकी वर्षं कड्यावर जाऊन ह्यांनी फक्त तुझी पाठ पाहिली. तुझे सगळे शर्ट मागच्या बाजूने पाठ आहेत. ससाणी बघायची ती प्रदर्शनात, तुझ्या नावाखाली. त्या दिवशी ती अगदी समोर आली. एका क्षणाचं काम, म्हणून ह्यांनी पट्टा गुडघ्याखाली दाबला आणि दोन्ही हातांनी कॅमेरा उचलला. नेमका त्याच क्षणी तू झुकलास.

मी विचारलं, तेवढंच होतं, की तू नसतास तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं? हे निवडलेला घेवडा पुन्हा निवडत बसले.

तुझी (आणि ह्यांचीही, काय करणार),
ताई

२४ मार्च

ती. ताईस न. वि. वि.

दोन दिवस फोटो उशीखाली पालथा ठेवला होता. भाऊजींना ज्या शिव्या घातल्या त्या नर्सबाईंनीही ऐकल्या नव्हत्या. मग उलटून पाहिला.

ताई, फोटो जबरदस्त आहे. मला हा कधीच मिळाला नसता, कारण तो काढायला मागे उभं राहावं लागतं. भाऊजींना सांग, स्वतःच्या नावाने प्रदर्शनाला पाठवा आणि माझा खांदा कापू नका.

माझ्या मनात आता काही नाही. प्लास्टर निघालं की आम्ही दोघं जाऊ. तोच कडा, तोच खडक. या वेळी पुढे भाऊजी आणि पट्टा माझ्या हातात.

आहे तसाच लोभ राहू दे.
धडपड्या

३० मार्च

चि. धडपड्यास अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि लगेच पट्टा धुऊन दोरीवर वाळत घातला. तुझ्या हातात तो द्यायला हे एका पायावर तयार आहेत.

मी नाही. तू रांगत होतास तेव्हापासून मी तुला ओळखते. दुसऱ्याचा फोटो पाहिला की ‘उजेड कमी पडलाय’ याखेरीज तुझ्या तोंडून आजवर शब्द निघालेला नाही. तू ‘जबरदस्त’ लिहिलंस आणि माझ्या अंगावर काटा आला. आणि कडा तोच, खडकही तोच? दुसरा खडक मिळत नाही?

तेव्हा मीही येतेय. पुढे कोणीही जा, पट्टा मी धरणार. ज्याची पाळी नसेल त्याने माझ्या शेजारी, कॅमेरा पिशवीत ठेवून, हात मांडीवर घेऊन बसायचं. ससाणी येवो नाहीतर गरुड येवो, मी वर बघणार नाही. मी तुमचे हात बघत बसेन.

तुम्हा दोघांवर लोभ आहेच. सध्या जरा हातभर लांबून.

तुझी,
ताई